आईचं नाक

हातावरचा भाजल्याचा डाग दाखवायला मी प्लास्टिक सर्जनकडे गेलो होतो. कॉलेजं सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते. बाकावर माझ्या शेजारी एक आई आणि तिची मुलगी बसल्या होत्या. दोघींचं नाक अगदी एकसारखं, बसकं आणि रुंद. मुलीला ते कॉलेजात जाण्याआधी बदलून हवं होतं.

"तुझ्याकडूनच आलंय हे," मुलगी कुरकुरली.

"मग माझंही करून घेते," आई म्हणाली. "नाहीतर पालकसभेत कळणार कसं, मी कुणाची आई ते?"

मुलगी खुदकन हसली. हसताना तिचं नाक थेट आईसारखं फेंदारलं.

मला माझी आई आठवली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एकदा ती डबा घेऊन आली, पण तिला माझा वर्ग काही सांगता येईना. शिपायाने तिचा चेहरा नीट पाहिला आणि "चला मावशी" म्हणत तिला थेट माझ्यापाशी आणलं. तेव्हापासून आरशातलं माझं फताडं नाक मला आवडतं.

आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं. मुलगी आईच्या गालाला गाल लावून फोनमध्ये दोघींचे चेहरे न्याहाळत होती.

"पुढच्यांना घ्या," ती म्हणाली. "आम्ही अजून बघतोय."