चाक खडबडीतच हवं

ट्रायल्सची सायकल म्हणजे काय हे उदगीरमध्ये मी इतक्या जणांना सांगितलंय की आता कुणी विचारलं तरी डोकं उठतं. तिला सीट नसते. ती कुठे जाण्यासाठी नसतेच. दगडांवर, पायपांवर, भिंतीवर उड्या मारत चढायचं, पाय जमिनीला लावायचा नाही. आणि हे सगळं पेडलवर चालतं असं लोकांना वाटतं, पण चालतं ब्रेकवर. मागच्या चाकावर उभं राहिलं की ब्रेकने चाक असं धरलं पाहिजे की केसभरही सरकता कामा नये. सरकलं की तुम्ही पाठीवर.

माझी पहिली सायकल साध्या तारेच्या ब्रेकची होती. तिने माझी कोपरं सोलून काढली. मग शिकवण्या घेऊन मी हायड्रॉलिक ब्रेक मागवले. त्यात तेलाऐवजी पाणी भरलं की लिव्हर हलकी होते हे कळल्यावर मेडिकलमधून इंजेक्शनची सिरिंज आणली. दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नशेला लागलेय. ते पाणी भरताना आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी सगळं पुन्हा करायचं.

पण खरं काम रिमचं. नवी रिम गुळगुळीत असते, तिच्यावर ब्रेकचा पॅड धरत नाही. म्हणून ग्राइंडर लावून तिच्या कडा मुद्दाम खरवडायच्या, तिरक्या तिरक्या रेघा पाडायच्या. खरवडलेल्या रिमवर पॅड बसला की चाक किंचाळतं आणि जागच्या जागी थांबतं. त्या रिमचा एकच वैरी, तेल. तेलाचं बोट लागलं तरी पॅड ते पिऊन घेतो आणि मेला म्हणून समजा. आमच्या घरी भजी तळायला घेतली की मी सायकल उचलून गच्चीवर न्यायची. आई म्हणायची, "सायकलीला बी वास लागतो का गं?" मी म्हणायची, हाव, लागतो.

आण्णा, माझे वडील, मोंढ्यात म्हणजे धान्याच्या बाजारात एका आडत दुकानावर मुनीम. माझी सायकल त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली ती अंगणातली अडगळ म्हणून. जेवताना मी ब्रेकचं काही सांगायला लागले की ते भाकरी मोडत म्हणायचे, "लई झालं. जेव." मुलीने उड्या मारायच्या, त्याही सायकलवर, हे त्यांना मोंढ्यात सांगता येत नव्हतं. शेवटी आमच्यात एक ठरलं. दसऱ्याला लातूरला पुण्याहून दोघं जण येणार होते, सायकलचे खेळ दाखवणाऱ्या त्यांच्या चमूसाठी मुलं-मुली निवडायला. निवडले त्यांना पुण्यात राहायची सोय आणि पगार. माझी निवड झाली तर आण्णा मला जाऊ देणार. नाही झाली तर सायकल बंद आणि बी.एड. "शब्द हाय माझा," ते म्हणाले होते, आणि मी तो खरा मानला होता.

दसऱ्याच्या पहाटे टेम्पो दारात आला तेव्हा सायकल अंगणात तयार होती. आण्णांनी ती स्वतः बारदानात गुंडाळून सुतळीने बांधली होती. वर फक्त हँडल दिसत होतं, त्याला झेंडूची माळ आणि हळदकुंकू. आदल्या दिवशी खंडेनवमीला दुकानातल्या तराजूबरोबर त्यांनी माझ्या सायकलीचीही पूजा केली होती. "तू हो पुढं, मी एसटीनं येतो," ते म्हणाले. ते येणार हे ऐकूनच मला रडू आलं. टेम्पोत मी त्या माळेला धरून बसले होते आणि इतकी खूश होते की आज आठवलं तरी स्वतःची कीव येते.

लातूरला मैदानावर बारदान सोडलं. रिम आरशासारखी चमकत होती. पॉलिश पेपरने घासघासून माझ्या सगळ्या रेघा आण्णांनी बुजवल्या होत्या आणि वर तेलाचा हात फिरवला होता. खंडेनवमीला घरातल्या प्रत्येक लोखंडाला करतात तसंच. विळीला करतात, कुऱ्हाडीला करतात. त्यांना वाटलं असणार, पोरगी खरवडलेलं चाक घेऊन चारचौघांत चाललीय.

मी लिव्हर दाबली. ती घट्ट होती. चाक खुशाल फिरत राहिलं.

पेट्रोलने पुसलं. पॅड मातीत घासले, दगडावर घासले. तेल निघतं, रेघा कुठून आणायच्या? मैदानामागे ट्रॉल्या बनवणाऱ्याचं वर्कशॉप होतं. मी चाक काढून हातात घेऊन धावत गेले. ग्राइंडर समोर पाटावर ठेवलेला, त्यावर फुलं. मालक हात जोडून म्हणाला, "आज न्हाई ओ ताई. पूजेतली हत्यारं हायत. उद्या सकाळी या, फुकट करून देतो." मी हातापाया पडले. तोही बिचारा अवघडला, पण ग्राइंडर उचलला नाही. गावभर लोखंडाची सुट्टी होती.

माझं नाव पुकारलं. सिमेंटच्या पहिल्या पायपावर मी चढले. मागच्या चाकावर उभी राहिले आणि चाक खालून निसटलं. दुसऱ्यांदा चढले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी चढूच दिलं नाही. पुण्याच्या दोघांतला एक जण अगदी गोड आवाजात म्हणाला, "सराव चांगला आहे तुमचा. पण सायकलची निगा राखायला शिका." मला! भजी तळली की गच्चीवर पळणाऱ्या मला! त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावं असं वाटलं. मी "हो सर" म्हणाले.

आण्णा कुंपणापाशी उभे होते. नवा शर्ट, खिशात आपट्याची पानं. मी गेले आणि लोकांसमोर ओरडले, "तेल का लावलं? मला विचारायचं तरी!"

ते गोंधळले. त्यांनी एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा माझ्या सोललेल्या कोपराकडे. त्यांचा चेहरा खरोखर पडला होता, ते मी खोटं सांगणार नाही. "गंजून ऱ्हायलं होतं गं," ते म्हणाले. "मला वाटलं तुला बरं वाटंल." माझा राग तिथेच अर्धा विरला. मी त्यांच्या शेजारी कुंपणाच्या कठड्यावर बसले. चूक माणसाकडून होते, मायेपोटी झाली, पुढच्या वर्षी पुण्याचे पुन्हा येतील, आण्णांना आता तरी कळलंय, असं काय काय मी मनात जुळवत होते.

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "जाऊ दे. जिवाला लावून घेऊ नको," ते म्हणाले. "बी.एड.ची जागा मी मागल्याच महिन्यात पक्की करून ठिवलीय."