तक्त्यातली शेवटची ओळ

गेली बारा-तेरा वर्षं मी एक वेबसाइट चालवतो. तिच्यावर रोज सकाळी एक मराठी शब्दकोडं येतं, बाकी काही नाही. दिवसा मी रत्नागिरीत एका कॉलेजच्या संगणक विभागात नोकरी करतो. संध्याकाळी चहा घेताना साइटचा तक्ता उघडतो. त्यात नावं नसतात. कुठल्या ब्राउझरमधून, कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमवरून, किती माणसं आली, एवढंच असतं. बायको म्हणते, लोक पेपर वाचतात, तुम्ही हजेरी घेता.

सुरुवातीला हजेरीत सगळे विंडोजवाले होते, आणि त्यातले बरेचसे एक्सपी या जुन्या आवृत्तीचे. म्हणजे ऑफिसात बसून, साहेबाची नजर चुकवून कोडं सोडवणारे. मग अँड्रॉइडची ओळ आली. आधी अगदी तळाशी, मग मधे, मग सगळ्यांच्या वर. फायरफॉक्सवाले हळूहळू क्रोमकडे गेले. एक्सपीची ओळ दर वर्षी खाली उतरत राहिली आणि एका वर्षी तिच्यापुढे एकच आकडा उरला. एक. रोज, दुपारी, जेवणानंतर.

ती चिपळूणची काकी होती. तिच्या मशीनवर तो जुना फायरफॉक्स मीच घातला होता. बाकी सगळे बदलले, म्हणून ती दिसायला लागली.

लांज्याकडच्या आमच्या गावात तेव्हा शाळा सातवीपर्यंतच होती. आठवी ते दहावी मी काकीकडे राहिलो. तीन वर्षं तिने माझा डबा भरला. पुढे काका गेले, चुलतभाऊ नोकरीला मस्कतला गेला. घरात एकदा पुराचं पाणी शिरलं, तेव्हापासून कॉम्प्युटर माडीवर. निघताना भाऊ म्हणाला होता, "दादा, तू जवळ आहेस. आईकडे लक्ष ठेव." मी हो म्हटलं.

लक्ष ठेवलंही. शुक्रवारी त्याचा फोन यायचा. आई त्याला खरं काही सांगत नाही म्हणून तो मला विचारायचा. मी तक्ता बघून सांगायचो, उत्तम आहे, रोज कोडं सोडवते. यात खोटं काही नव्हतं. मी स्वतः चिपळूणला वर्षातून एकदा, गणपतीत जायचो. एसटीने अडीच-तीन तास लागतात, असं मी सांगत असे. कोणी विचारलेलं नसायचं.

मग फोनवर चौकटी बारीक दिसतात अशा तक्रारी यायला लागल्या. मी पान नव्याने बांधलं. नवं पान जुन्या ब्राउझरवर उघडणार नव्हतं. अशा वेळी जुने किती उरलेत ते बघून निर्णय घेतात. एक उरला होता. तो कोण, हे मला माहीत होतं. ठरवलं की पान गुरुवारी चढवायचं आणि रविवारी टॅब घेऊन चिपळूणला जायचं. गुरुवारी पान चढवलं. रविवारी गेलो नाही. सोमवारी कॉलेजात तपासणी होती, पण नसती तरी गेलो नसतो.

गुरुवारी संध्याकाळी एक्सपीची ओळ तक्त्यात नव्हती. ती नसणारच होती. पण नव्या पानाच्या गडबडीत दोन दिवस तक्ता उघडला नव्हता; मागे जाऊन पाहिलं, तर ती बुधवारीही नव्हती, आणि मंगळवारीही नव्हती. पान बदललं गुरुवारी आणि काकी मंगळवारपासून गैरहजर. हे मला तेव्हाच दिसलं. वीज नसेल, असं म्हटलं आणि कप विसळून ठेवला.

शुक्रवारी भावाला सांगितलं, उत्तम आहे, रोज कोडं सोडवते. पुढच्या शुक्रवारीही तेच.

तिसऱ्या आठवड्यात काकीच्या शेजारच्या वहिनींचा फोन आला. काकी त्या मंगळवारी माडीच्या जिन्यावरून पडली होती. पाय मोडला, प्लास्टर घातलं. मुलाला कळवायचं नाही अशी तिची ताकीद होती. मला कळवलं नव्हतं, कारण पुतण्याचं लक्ष असतं, त्याला कळेलच, असं काकीनेच त्यांना सांगितलं होतं. आता तिला कॉम्प्युटर खाली आणून हवा होता.

त्याच दिवशी गेलो. काकी खाटेवर, पाय उशीवर. मी बारीक झालोय म्हणाली. झालो नव्हतो. तीन खेपा करून मशीन खाली आणलं, जोडलं. तिने चष्मा लावला. पडदा पांढराच राहिला.

"नेट गेलंय काय रे?"

"नाही. मीच बंद केलंय. जुन्या मशीनवर आता उघडत नाही."

"जुने कितीजण होते?"

"एक."

तिने चष्मा काढून पदराने पुसला. "म्हणजे मला रोज बघत होतास."

मग मी उरलेलंही सांगितलं. ती मंगळवारपासून नव्हती हे मला गुरुवारी दिसलं होतं, तेही सांगितलं.

"मग गुरुवारी का नाही आलास?"

ती रागावली नव्हती. कोड्यात अडलं की विचारायची, तसंच विचारलं. भावाशी दोन शुक्रवार खोटं बोललो, तेही सांगून टाकलं. त्यावर म्हणाली, "मी तर त्याच्याशी रोजच खोटं बोलते."

प्लास्टर निघालं. टॅब मी नेऊन दिला. आता तीही अँड्रॉइडवर, क्रोमवर, वरच्या गर्दीच्या ओळीत. त्यातली ती कुठली, मला ओळखता येत नाही. त्यामुळे फोन करावा लागतो. सुरुवातीला उचलल्या उचलल्या "काय झालं?" म्हणायची. आता म्हणते, लवकर बोल, कोडं अर्धं राहिलंय. मी पाय कसा आहे विचारतो. ती म्हणते, जागेवर आहे.

एकाआड एक रविवारी जातो. इथे आधी दर रविवारी असं लिहिलं होतं, ते खोडलं.