परत वितळव

तायडेकाका शिशावर पेन्सिलीनं ओरखडे काढत. बेसिंगस्टोकच्या त्यांच्या गॅरेजमध्ये चित्रकलेच्या पेन्सिली नरमपासून कडकपर्यंत ओळीनं मांडलेल्या असत. मी ओतलेल्या बंदुकीच्या गोळीवर ते एचबी पेन्सिल टेकवायचे. ओरखडा उठला की गोळी नरम, आणि त्यांचे दोन शब्द ठरलेले, "परत वितळव."

बर्मिंगहॅमच्या एका फाउंड्रीतून ते रिटायर झालेले. जुन्या रायफलींनी निशाणेबाजी करणाऱ्या आमच्या क्लबात मला त्यांनीच आणलं. "काका, पंचशील घेता आणि गोळ्या ओतता?" मी एकदा छेडलं.

"अगं, आपण कागदाला भोकं पाडतो. कागदाला जीव असतो का?" म्हणाले आणि भांडं ढवळू लागले.

छपरावरचं जुनं शिसं नरम, छापखान्यातले अक्षरांचे खिळे कडक; दोन्हींचा मेळ बसवायचा. ओतलेली गोळी कडक व्हायला आठवडाभर ठेवायची, मगच तपासायची. चूक झाली की एक शनिवार वाया. असे माझे पाच शनिवार गेले. ऑफिसात माझ्या हाताखाली वीस माणसं, आणि इथे मी पहिलीतल्या पोरीसारखी उभी! मला त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'जमलं' ऐकायचं होतं.

सहाव्या शनिवारी ते चहा करायला आत गेले. डब्यात गाड्यांच्या चाकांना लावायची जुनी वजनं होती, शिशाची आणि जस्ताची मिसळलेली. काका एकेक पकडीनं दाबून निवडत. दबलं नाही ते जस्त, आणि जस्त पडलं की अख्खं भांडं नासतं. मला कुठला एवढा धीर? आच वाढवली आणि मूठभर तशीच टाकली. भांड्यात लापशी झाली. काकांकडचे उरलेसुरले खिळे त्याच भांड्यात होते.

काका दोन मग घेऊन आले, आत डोकावले. "झिंक गेलं यात."

"सॉरी काका, घाई केली मी."

"हे आता वितळवूनही उपयोग नाही. चहा घे, गार होतोय."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या लापशीची लादी त्यांनी गॅरेजच्या दाराला टेकण म्हणून लावली आणि मी दर शनिवारी तिला ठेचकाळत राहिले. खिळे मिळेनात, म्हणून दोन महिने आम्ही नुसती वजनं निवडली.

हिवाळ्यात काका अचानक गेले. इथेच वाढलेल्या त्यांच्या मुलीचा तोडक्या मराठीत फोन आला. "मेघनाताई, बाबांची सगळी सामान तू घेऊन जा ना. मला त्यातला काही कळत नाही."

सामानात पेन्सिली होत्या आणि एक जड पुडी. पुडीत खिळे. कुठून मिळवले कोण जाणे. वर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं, "मेघना. आता तरी पकड वापर."

वापरली. एकेक वजन दाबून घेतलं, गोळ्या ओतल्या, आठवडा थांबले. एचबी टेकवली. ती नुसती घसरली, ओरखडा उठला नाही. 'जमलं' ऐकायला मी मान वर केली. गॅरेज माझं होतं आणि आत मी एकटीच होते. इतका संताप आला की सगळ्या गोळ्या भांड्यात लोटल्या आणि खाली आच लावली.