फोनवरचा वारा

अयोध्या नगरातल्या माझ्या घराखालच्या गॅरेजमधून ग्रीसचा वास आला, की मी मनाने देवासच्या टेकडीवरच्या पवनचक्कीत पोचतो; तिथे मी पूर्वी नोकरीला होतो. एका रविवारी पाती थांबवून मी वर, पात्यांमागच्या यंत्रखोलीत ग्रीस भरत होतो, तेवढ्यात बाबांचा फोन आला. आई गेल्यापासून ते कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये एकटेच होते. जन्मभर त्यांनी त्याच कारखान्यात वाफेवरची टर्बाइन जोडली होती.

“कोळसा नाही, वाफ नाही, नुसत्या वाऱ्यावर वीज?”

“हो बाबा. वारा पाती फिरवतो, पाती जनरेटर फिरवतात.”

“जरा ऐकव की वारा.”

मी फोन छताच्या झडपेबाहेर धरला. बराच वेळ त्यांनी फोन ठेवला नाही. त्यांना यंत्राचं कौतुक आहे, असंच तेव्हा वाटलं.

आता परगावी राहणारी माझी मुलगी फोन ठेवायला लागली, की मीही घाईने विचारतो, “तिकडे पाऊस आहे का गं?”