आखूड नळीचे साडूभाऊ

दक्षिण गोलार्धात आवाजाला घाबरणारा आमच्या साडूंसारखा दुसरा माणूस नाही, आणि अख्ख्या मनुरेवा उपनगरात रिव्हॉल्व्हरं जमवणारा त्यांच्यासारखा दुसरा वेडाही नाही. हे दोघे एकाच सहा फुटी देहात गुण्यागोविंदानं नांदतात, हे मी शपथेवर सांगतो. माझ्या शपथेवर आमच्या घरात कुणी विश्वास ठेवत नाही, ती गोष्ट निराळी. साडू फुलबाजी चिमट्यात धरून लावतात. नोव्हेंबरात इथली गोरी मंडळी फटाके उडवायला लागली की कानात कापूस, त्यावर माकडटोपी आणि त्यावर उशी अशी तटबंदी करून ते कपड्यांच्या कपाटात बसतात. कुकरची पहिली शिट्टी झाली की गृहस्थ मागच्या अंगणात. टोस्टरमधून पाव उडाला तर "कोण?" म्हणून ओरडलेले मी स्वतः ऐकलेत. अशा माणसानं एके दिवशी सहज चहा पिता पिता सांगितलं, "अहो साडू, मी लष्करी रिव्हॉल्व्हरं जमवायचं ठरवलंय." माझ्या हातातलं बिस्कीट चहात पडलं आणि बुडालं.

ठरवलंय म्हणजे ठरवलंय. या माणसानं ठरवलेली गोष्ट आणि किनाऱ्यावर येणारी भरती, दोन्ही कुणाला विचारून येत नाहीत. जुनी लष्करी हत्यारं जमवणारे इथे पुष्कळ आहेत, पण त्यांना वस्तू हवी असते कारखान्यातून निघाली तश्शी. त्यात नळीच कुणी कापून आखूड केलेली असली, तर ते तिच्याकडे जसं बघतात तसं फक्त आमच्या सासूबाई दुकानातून आणलेल्या पुरणपोळीकडे बघतात. साडूंना नेमकी तीच हवी! अख्खं रिव्हॉल्व्हर कुणी फुकट दिलं तरी ते "छान आहे" म्हणून परत करतील; पण नळी कापलेलं कुठे दिसलं की डोळ्यांत पाणी. मी एकदा कारण विचारलं. "अख्खी नळी कारखान्याची असते साडू," ते म्हणाले, "कापलेली नळी माणसाची. कुणीतरी एक दिवस करवत घेऊन बसला ना? का बसला? रणगाड्यात शिरताना अडकत होती? कोटाच्या खिशातून डोकावत होती? तो 'का' मी जमवतो. रिव्हॉल्व्हर आपलं त्याच्यासोबत येतं."

त्यांच्या परवान्याची तर कथाच आहे. इथे संग्राहकाच्या परवान्यावर हत्यार उडवायला सक्त मनाई. शिवाय प्रत्येकाचा एक महत्त्वाचा भाग काढून वेगळ्या कुलपात ठेवायचा, म्हणजे ते चालूच नये. बाकीचे संग्राहक या अटीवर कुरकुरतात. आमचे साडू ती वाचून इतके खूश झाले, की पोलिसांना "आणखी एखादा भाग काढून ठेवला तर चालेल का?" असं विचारून आले. परवान्याआधी एक पोलीस अधिकारी घरी चौकशीला आले. धिप्पाड गृहस्थ, दारातून आडवे होऊन आत आले, 'किया ओरा' असा इथला नमस्कार केला आणि आमच्या मोठ्या मेव्हणीला, म्हणजे ताईंना, एकटीला बसवून त्यांनी विचारलं, "नवऱ्याला राग येतो का?"

"येतो की," ताई म्हणाल्या. "आमटी पातळ झाली की येतो."

"मग काय करतात?"

"घट्ट होईपर्यंत बघत बसतात."

अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे वही मिटली. जाताना ताईंनी त्यांना आमटीचा डबा दिला. ती घट्ट होती असं नंतर कळलं.

पोटापाण्यासाठी साडू स्वयंपाकघरांची मापं घेतात, म्हणजे कपाटं बनवणाऱ्या कंपनीसाठी. पण मापं घेणं त्यांच्या रक्तातच उतरलंय. खिशात टेप कायम. आमच्या फ्लॅट बुश उपनगरातल्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आले, ते देवाला नमस्कार करायच्या आधी देव्हारा मोजून मोकळे. रिव्हॉल्व्हरं हाताळायला पांढरे सुती हातमोजे, कारण बोटाचा घाम लोखंडाला खातो. त्याच हातमोज्यांनी ते एकदा आमच्याकडे सत्यनारायणाच्या तीर्थाला बसले. गुरुजींना वाटलं, काही नवीन पद्धत असेल. त्यांनीही पळी जरा लांबूनच सोडली. मुलांना या छंदाची बिलकूल पर्वा नाही. साडूंनी मराठीत अर्धा तास इतिहास सांगावा आणि लेकीनं कानातली वायर न काढता "स्वीट ॲज, डॅड", म्हणजे 'मस्तच', एवढंच म्हणावं, असा त्यांच्या घरचा संवाद.

संग्राहकांच्या क्लबात साडूंची जागा कोपऱ्यात, चहाच्या किटलीशेजारी. क्लबचे अध्यक्ष म्हणजे मिशीला मेण लावणारे म्हातारे सद्गृहस्थ. साडूंच्या टेबलाला ते 'अपघात विभाग' म्हणत. "आज नवीन कोण पेशंट?" असं दर प्रदर्शनात विचारायचे. साडू हसायचे आणि टेप काढून त्यांची मिशी मोजायला निघायचे.

पण अध्यक्षांनी खरं डोकं धरलं ते दसऱ्याच्या प्रकरणात. मनुरेवातलं घर घेतलं त्या पहिल्याच दसऱ्याला साडूंनी पाटावर आपली रिव्हॉल्व्हरं मांडली. झेंडू इथे त्या दिवसांत कुठला मिळायला. पण कोफाय नावाचं इथलं झाड ऐन वसंतात पिवळ्याधमक फुलांनी लगडलेलं असतं, त्याची ओंजळभर फुलं आणली. साडू हातमोजे घालून सज्ज. आणि ताईंनी नेहमीच्या सवयीनं ओल्या बोटानं पहिल्याच रिव्हॉल्व्हरला हळदकुंकू लावलं! थेट लोखंडाला! साडू गावाला होते असं नाही, समोरच होते. पण शस्त्राला हळदकुंकू लागतंय यात काही चुकतंय, हे त्यांच्याही मराठी डोक्यात आलं नाही. दोन दिवसांनी पुसलं तर खाली बोटाच्या आकाराचा तांबूस गंज. अध्यक्षांनी तो प्रदर्शनात पाहिला आणि खुर्चीवर बसले. "घासून काढ," ते म्हणाले, "पंधरा मिनिटांचं काम आहे." साडूंनी घासला नाही. तेव्हापासून कुंकू शेजारच्या कागदावर लावतात, पण तो डाग आहे तिथे आहे.

आता गाडीनं दीड तासावरच्या हॅमिल्टनच्या आजी. साधारण २०१३ चा हिवाळा असेल. शेतावरून शहरात राहायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंचा नवरा वारला. तो महायुद्धात लढून आलेला. सामान आवरताना गराजमध्ये, माळ्यावर, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर निघालं. नळी कापलेलं. बाईंनी पोलिसांना बोलावलं, पोलिसांनी ते आपल्या ताब्यात ठेवलं आणि सांगितलं, परवानेवाल्या कुणाला द्यायचं ते ठरवा, नाहीतर आम्ही नष्ट करू. क्लबात बातमी पोचली. अध्यक्ष दुसऱ्या दिवशी हजर. त्यांच्याकडे त्याच जातीची अख्खी जुनी नळी पडून होती. "मी ही बसवतो," त्यांनी आजींना सांगितलं, "नवऱ्याला लष्करानं दिलं तेव्हा होतं, अगदी तसं करतो." कापलेली आखूड नळी अर्थातच भंगारात.

साडूंना हे कळलं तेव्हा ते जेवत होते. ते ताटावरून उठले. अहो, श्रीखंडाच्या ताटावरून! मला फोन आला, "साडू, गाडी काढा. हॅमिल्टनला जायचंय."

आजी चणीनं एवढ्याशा, दाराच्या मुठीएवढ्या उंचीच्या म्हटलं तरी फार थाप होणार नाही. पण करारी. बोलायच्या अर्थात इंग्रजीत, मी आपलं मराठीत सांगतो. "हे बघा," त्या म्हणाल्या, "माझा नवरा वस्तू जपणारा माणूस. त्यानं सरकारी वस्तूची अशी मोडतोड करावी, याची मला लाज वाटते. मला ते धड करून हवंय."

"मोडतोड नाही बाई," साडू काकुळतीला आले, "त्यामागे काहीतरी 'का' आहे."

"मग सांगा, का?"

साडू खिशातला टेप चाचपू लागले. आजी म्हणाल्या, "कळलं की या." आणि दार लावून घेतलं.

दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. हे गृहस्थ दर शनिवारी हॅमिल्टनला. आजींचं गवत काप, पन्हळी साफ कर, वाफे खण. मीही अनेकदा सोबत, कारण बायकोनं सांगितलं होतं, "भावोजींना एकटं सोडू नका, ते त्या बाईंना दत्तक घेतील." खणताना साडू कण्हत. आजींचं फावडं इतकं आखूड, की सहा फुटी देहाची पार घडी व्हायची. "काय टीचभर फावडं आहे हो!" ते माझ्याशी मराठीत करवादत, "कंबर गेली माझी! कुणी केलंय हे?" मग पाठ चोळत आत जाऊन चहासोबत युद्धाचे प्रश्न. तो कुठे लढला? घोड्यावर होता? रणगाड्यात? आजींना ठाऊक नव्हतं. युद्धाबद्दल तो अवाक्षर बोलला नव्हता. वसंत आला तशी आजींनी मुदत घातली: या महिन्याअखेर रिव्हॉल्व्हर अध्यक्षांना. साडूंनी शेवटचा उपाय म्हणून त्यांना दसऱ्याच्या जेवणाला बोलावलं, आणि अध्यक्षांनाही. "त्यांना कशाला?" मी विचारलं. "घेऊन जाणार तर माझ्या घरी जेवून नेऊ देत," साडू म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून मला पहिल्यांदाच विनोद सुचला नाही.

दसऱ्याला पाट मांडला होता. आखूड नळ्यांची रांग, कोफायची फुलं, शेजारी ताईंच्या सुऱ्या, साडूंचा टेप, लेकीचा लॅपटॉप आणि परसातलं लांब दांड्याचं फावडं. आजींनी प्रत्येक वस्तू निरखली. मग त्या गंजाच्या डागाशी थांबल्या. "हे काय?"

"माझ्या बायकोचं बोट," साडू म्हणाले. "पहिल्या वर्षीची चूक."

"पंधरा मिनिटांत निघेल," अध्यक्ष पुरीचा तुकडा मोडत म्हणाले.

"निघेल," साडू म्हणाले, "पण मग ते बोटही जाईल ना."

आजी पाटाच्या टोकाशी गेल्या. "आणि फावड्याला कशाला फुलं?" त्यांनी ताईंना विचारलं.

ताई म्हणाल्या, "ज्या हत्यारानं काम करतो, त्याला आज नमस्कार करायचा."

आजी हसल्या. "माझ्याकडे असलं लांब फावडं चाललं नसतं. माझी सगळी अवजारं आखूड. लग्न होऊन शेतावर गेले तेव्हा माझ्या हातात एकही धड बसेना. मग त्यानं एका दुपारी फावडं, कुदळ, दाताळं, केरसुणी, सगळ्यांचे दांडे कापून..."

आणि त्या तिथेच थांबल्या. पाटावरच्या आखूड नळ्यांकडे बघत राहिल्या.

"तो गुरांच्या बाजाराला जायचा," त्या म्हणाल्या. "दोन दोन रात्री मी शेतावर एकटी. एकदा म्हणाला होता, तुझ्यासाठी काहीतरी करून ठेवलंय. रुमालात जड वस्तू होती. मी बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, असली वस्तू मला घरात नको, फेकून दे. मला वाटलं, फेकलं."

साडू खाली बसले. महिनोन्महिने ते त्या फावड्यानं खणत होते, ज्याला त्याला टेप लावणारा हा माणूस, आणि त्या दांड्याला टेप लावायचं त्यांना एकदाही सुचलं नव्हतं! अध्यक्षांनी मिशी पुसली, डोळे पुसले आणि पुन्हा मिशी पुसली. "नळी मी दुसऱ्या कशाला तरी वापरीन," ते म्हणाले.

पोलिसांचे सोपस्कार होऊन रिव्हॉल्व्हर मनुरेवात आलं, कापलेलं, जसंच्या तसं. नंतर दर दसऱ्याला आजी यायच्या. साडू त्यांना हातमोज्यांशिवाय त्या नळीवर ओल्या बोटानं कुंकू लावू द्यायचे. हा मान दुसऱ्या कुणाला नाही, मी मागितला तर म्हणाले, "तुमचे हात फार घामट." तीन-चार बोटांचे डाग एकावर एक पडले. अध्यक्ष दरवर्षी ते बघून दचकायचे आणि दुसऱ्यांदा बासुंदी घ्यायचे.

गेल्या हिवाळ्यात आजी गेल्या. मृत्युपत्रात आमच्या साडूंच्या नावानं एकच वस्तू होती. मी परवा मनुरेवाला गेलो तर साडू परसात टोमॅटोसाठी वाफा करत होते, सहा फुटी देहाची पार घडी घालून, हातात ते टीचभर फावडं. म्हटलं, "अहो, नवा दांडा बसवून देतो, पंधरा मिनिटांचं काम आहे." त्यांनी कमरेवर हात ठेवून, कण्हत, हळूहळू पाठ सरळ केली. माझ्याकडे बघितलं, दांड्याच्या कापलेल्या टोकावरची माती अंगठ्यानं पुसली आणि पुन्हा वाकले.