डंपमधला चारशे सतरा

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. हे वाचून कुणी भटजींकडून शांत करून घ्यायचा सल्ला देणार असेल, तर कृपया देऊ नये. मी सर्व्हर सांभाळते... माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची लॉग फाइल असते.

ऑफिस परळला, बंद गिरणीच्या आवारात. काम काय, तर गिरणीच्या जुन्या हजेरीवह्या स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवायच्या, म्हणजे कोण कामगार होता ते शोधता येईल. रोज दुपारी तीनला आमचं सॉफ्टवेअर बंद पडायचं, आणि पडताना मेमरीत होतं-नव्हतं ते सगळं एका भल्यामोठ्या फाइलीत ओतून ठेवायचं. त्याला क्रॅश डंप म्हणतात. आठवड्यात डिस्क तुडुंब!

साहेब म्हणाले, "उडव ना रोज. कशाला साठवतेस?"

म्हटलं, आधी एक उघडून तर बघू. सगळ्या कचऱ्यात एकच ओळ वाचता आली — इंग्रजीत बी-ए-डी-एल-आय, पुढे ४१७. साहेब हसले, "अगं, बॅडली लिहायचं असेल कुणाला तरी. स्पेलिंगची बोंब!" मीही हसले. दुसरा डंप उघडला, तिसरा उघडला... तीच ओळ.

लालबागला घरी जेवताना बाबांना गंमत म्हणून सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"बॅडली नाय गो, बदली. माझो बदलीचो नंबर तो. तुका खय गावलो?"

ब्याऐंशीच्या गिरणी संपापर्यंत बाबा याच गिरणीत बदली कामगार होते. तीनच्या पाळीला गेटवर उभं राहायचं, कायमचा माणूस आला नाही तर त्याच्या जागी आत. अशांची वही वेगळी असायची, आणि ती कुणाला सापडलीच नाही. म्हणूनच गिरणी कामगारांच्या घरासाठीचा बाबांचा अर्ज 'नोंद नाही' म्हणून परत आला होता.

मी एकूण एक स्कॅन तपासला. बदलीवाल्यांचं एकही पान नाही. प्रोग्रॅम लिहिणारे म्हणाले, हा शब्द आमच्या कोडमध्येच नाही. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

साहेबांनी ऑटो-डिलीट लावायला सांगितलं. बाबांच्या कानावर घातलं, तर म्हणतात, "उडव गो. नाव नसल्याची सवय आसा आमका."

असा राग आला! साहेबांचा नाही, त्या सवयीचा. साहेबांना लेखी दिलं — जागा पुरत नसेल तर मोठी डिस्क घ्या, नाहीतर मला काढा. फाइली मी उडवणार नाही. कुरकुरत का होईना, डिस्क आली.

अर्जाच्या खिडकीवर असला पुरावा चालत नाही म्हणे. ती ओळ आली कुठून, मला आजही माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर जरूर सांगा. फक्त डिलीट कर म्हणू नका... माझ्या बापाची नोंद अख्ख्या मुंबईत तेवढ्या एकाच ठिकाणी आहे.