शेंगांवर निवडलेला क्लच

"जूता उतारो. बायाँवाला."

चंडीगडला मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये उस्तादजी मिस्त्रींकडे गाडी नेली की पहिलं वाक्य हेच. बॉनेट नंतर. आधी ते गिऱ्हाइकाचा डावा बूट उलटा करून उन्हात धरणार, झिजलेली जागा अंगठ्याने चाचपणार आणि "हूं" म्हणणार. क्लचवर पाय ठेवूनच गाडी हाकणारा माणूस त्यांना बुटावरून कळत असे. देवळाबाहेर फाटका मोजा दिसल्यावरही मला इतकी लाज वाटलेली नाही.

माझी गाडी म्हणजे दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार. तिचं मूळ इंजिन बाद झालं म्हणून मी एका मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन तिच्यात बसवून घेतलं. त्याच्यापुढे क्लच टिकेना. पहिला पंचकुलाच्या रस्त्यात जळाला, तेव्हा बायकोने ऑफिसच्या कपड्यांत गाडी ढकलली. दुसरा घसरायला लागला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आता बसवशील तो शेवटचा. तो बिघडला की गाडी विकायची." तिचा शांतपणा मी ओळखून आहे.

म्हणून या खेपेला मी अभ्यास करून गेलो होतो. रेसच्या गाड्यांत असते तशी, धातूच्या ठोकळ्यांची क्लच प्लेट हवी, असं उस्तादजींना ऐटीत सांगितलं.

"रेस किधर करते हो, मराठे?"

"सेक्टर एकोणचाळीस से आयटी पार्क," मी म्हणालो. घर ते ऑफिस.

ते शेंगांची पुडी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. "चलो, घर चलो." मी क्लच दाबला की ते एक शेंग फोडायचे. तुम्ही चंडीगडात गाडी चालवली असेल तर पुढचं सांगायला नको. प्रत्येक सेक्टरच्या कोपऱ्यावर गोल चौक. थांबा, क्लच, पहिला गिअर, क्लच, दुसरा गिअर, पुन्हा थांबा. अर्ध्या वाटेतच पुडी संपली. टरफलं सगळी माझ्या गाडीत.

"ये रेस नहीं, चौक है," ते म्हणाले. "वो प्लेट या पकड़ेगी, या छोड़ेगी. चौक का सारा काम बीच का है, आधे क्लच का. सादी, नरम प्लेट लो."

उस्तादजींचा डावा गुडघा दुखायचा. गाडीतून उतरताना ते दाराला धरून मोठ्याने वाहेगुरू म्हणत. मी फटकन बोलून गेलो, "आपका घुटना दुखता है, इसलिए मुझे नरम क्लच दे रहे हो." आठवलं की अजून माझे कान गरम होतात. ते नुसते हसले आणि मी मागितलेली प्लेट बसवून दिली.

चौथ्या दिवशी पंचकुलाच्या एका चौकात गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. चालू केली, पुन्हा उडी, पुन्हा बंद. मागून हॉर्नचा गजर. बायको खाली उतरली. मला वाटलं ढकलेल. तिने फोन काढून गाडीचे फोटो घ्यायला सुरुवात केली. जाहिरातीसाठी.

मी पडेल तोंडाने गॅरेजमध्ये गेलो, ती बरोबर होतीच.

"जूता उतारो," उस्तादजी म्हणाले आणि कपाटातून एक खोका काढला. आत साध्या लायनिंगची, एक माप मोठी प्लेट होती, माझ्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बरोबर बसणारी. खोक्यावर खडूने लिहिलं होतं, 'मराठा, चार दिन'.

प्लेट बसवून झाल्यावर मी चावी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती बायकोला दिली. "मैडम चलाएँगी. फैसला इनका है."

ती सात चौक फिरून आली. गाडी एकदाही अडखळली नाही. परत आल्यावर तिने माझ्यासमोर फोनमधले फोटो एकेक करून पुसले.

त्यांच्या गुडघ्याबद्दल माफी मागायची राहूनच गेली. उस्तादजी गॅरेज बंद करून मुलाकडे कॅनडाला गेले. त्यांची मला फार आठवण येते. इथले बाकीचे मिस्त्री थेट बॉनेट उघडतात.

परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मुलगा गाडी चालवत होता, उस्तादजी त्याच्या शेजारी, मागच्या सीटवरून नातीने फोन धरलेला. "इधर सब ऑटोमेटिक है, मराठे. क्लच ही नहीं," ते कुरकुरले. मी म्हणालो, "उस्तादजी, उस दिन घुटनेवाली बात..."

"छोड़ यार. गाड़ी चलती है ना?"

"चलती है."

"अंकल, दादाजी का पैर देखो," नात खुदकन हसली आणि तिने फोन खाली वळवला.

पुढे सिग्नल आला असावा. उस्तादजींचा डावा पाय, दुखऱ्या गुडघ्यासकट, रिकाम्या जागेवर हळूच दाबला गेला, अर्ध्यावर थांबला आणि अलगद वर आला.